चुन्याच्या रेषेच्या अलीकडे

मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला मी वयाच्या ४१ व्या वर्षी शिकलो. त्याआधीची जवळपास २५ वर्षे मी त्या रेषांच्या आत वावरलो होतो, पण त्या कोण मारतो, त्यासाठी पहाटे किती वाजता येतो आणि चुन्याचे पोते कोणाच्या पैशाने येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गुडघ्याने जबाब दिल्यानंतर आमच्या उपनगरातल्या फुटबॉल क्लबाच्या एका सभेला मी सहज म्हणून गेलो आणि चिटणीस होऊन परत आलो. सभेला सहाच जण हजर होते आणि त्यांतल्या पाचांनी आधीच नकार दिलेला होता, एवढीच माझी गुणवत्ता. पहिल्या रविवारी सुतळी, चार खुंट्या आणि चुन्याचा डबा घेऊन मी पेनल्टी क्षेत्र आखायला बसलो तेव्हा ते एका बाजूला दोन फुटांनी जास्त भरले. पंचांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. मुलांनी मात्र ते पाहिलेच, आणि पुढे वर्षभर माझ्यामागे त्याची आठवण काढली.

खेळणारा माणूस खेळ थांबल्यावर त्याच खेळात दुसऱ्या कामाला लागतो तेव्हा त्याला नेमके काय नव्याने शिकावे लागते, हा विचार माझ्या डोक्यात त्या रविवारपासून आहे. आणि तो विचार करताना मला माझ्या परिचयातले कोणी आठवत नाही. आठवतात ते भारताचे जुने फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सगळ्यांचे पी.के.

याला कारण आमचे अण्णा. ते मध्य रेल्वेत कारकून होते आणि रोव्हर्स चषकाच्या, म्हणजे मुंबईतल्या फुटबॉल स्पर्धेच्या, दिवसांत कचेरी सुटली की बोरीबंदरहून चालत कूपरेजच्या मैदानावर जात. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. पण साठ-सत्तरच्या दशकांत कोलकात्याचे मोठे संघ कूपरेजवर आले की मुंबईतला प्रत्येक फुटबॉलवेडा तिथे असे. १९७२ साली मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. अण्णा सांगत की त्या मोसमात आपण खेळाडू पाहायला गेलो आणि शेवटी ईस्ट बंगालच्या बाकावरच्या माणसाकडेच बघत राहिलो. तो माणूस अखंड बोलत होता. स्टँडमधून एकही शब्द ऐकू येत नव्हता, पण मैदानातली मुले मान वळवून त्याच्याकडे बघत आणि पुन्हा धावायला लागत. अण्णांना पी.के. खेळाडू म्हणून ठाऊक होते, शिवाय ते रेल्वेचे, म्हणजे जवळजवळ घरचेच. “हा आपल्या रेल्वेचा राइट आउट,” म्हणजे उजव्या कडेचा आघाडीचा खेळाडू, असे ते इतक्या हक्काने म्हणत, की लहानपणी मला पी.के. अण्णांच्याच कचेरीत कामाला असतील असे वाटे.

पी.के. पूर्व रेल्वेचे होते. २३ जून १९३६ रोजी जलपाइगुडी भागातल्या मयनागुडीत त्यांचा जन्म झाला, वाढले ते जमशेदपूरला. १५ व्या वर्षी ते संतोष करंडकात, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल स्पर्धेत, बिहारकडून खेळले. १९५४ साली कोलकात्याला येऊन एक मोसम आर्यन क्लबकडून खेळले आणि मग पूर्व रेल्वेत गेले ते कायमचे. घरची जबाबदारी अंगावर होती आणि त्या काळात चेंडूने पोट भरत नसे. नोकरीने भरत असे. त्यामुळे भारताचा कर्णधार झालेला, ऑलिंपिकमध्ये गोल केलेला हा खेळाडू मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या शहराच्या दोन मोठ्या, एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांकडून खेळाडू म्हणून कधीच उतरला नाही. कोलकात्याच्या फुटबॉलची ज्यांना थोडी जरी माहिती आहे त्यांना हे किती विलक्षण आहे ते कळेल. १९५८ साली पूर्व रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. त्यानंतर तीन मोठ्या क्लबांखेरीज (हे दोन आणि मोहमेडन स्पोर्टिंग) कोणाला ती जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा पीअरलेसने ती जिंकली.

त्यांच्या खेळाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या संघात मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा होते, ज्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आणि विशीतले पी.के. होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी.के. कर्णधार होते, फ्रान्सविरुद्धच्या १-१ अशा बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच होता. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तामध्ये आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, त्यातला पहिला गोल त्यांचा, दुसरा जर्नेलसिंगांचा.

जकार्ताच्या त्या सामन्यापाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण पुढचे पी.के. तिथे घडले असे मला वाटते. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ न देण्याच्या इंडोनेशियाच्या निर्णयावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे अख्खे स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होते. साखळीत याच कोरियाने भारताला २-० ने हरवले होते. जर्नेलसिंगांच्या डोक्याला टाके होते, म्हणून मूळच्या बचावपटूला आघाडीला खेळवण्याचा निर्णय घेतला गेला होता. हा निर्णय घेणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम स्वतः आजारी होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हैदराबादचे हे रहीमसाहेब पेशाने शिक्षक. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी मुलांकडे सुवर्णपदक भेट म्हणून मागितले, ही आठवण पी.के. पुढे आयुष्यभर सांगत राहिले. डावपेच सगळे आधीच ठरलेले होते, तरी त्या रात्री काहीतरी वेगळे बोलायची गरज होती आणि ते रहीमसाहेबांनी ओळखले. ऐकणाऱ्यांत २६ वर्षांचे पी.के. होते. चांगला विद्यार्थी धड्याबरोबर मास्तरांची बोलण्याची ढबही उचलतो.

१९६७ च्या सुमारास खेळणे थांबले. १९६९ साली पी.के. जपानला गेले आणि जर्मनीचे डेटमार क्रॅमर यांच्या हाताखाली फिफाचा प्रशिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. हे क्रॅमर म्हणजे पुढे बायर्न म्युनिकला लागोपाठ दोनदा युरोपीय विजेतेपद मिळवून देणारे गृहस्थ. पस्तिशीला टेकलेला, देशाचा माजी कर्णधार वही घेऊन वर्गात बसतो, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे चांगला खेळाडू म्हणजे चांगला प्रशिक्षक असे गृहीत धरण्याची खोड आहे आणि तिचे दुष्परिणाम मी आमच्या छोट्याशा क्लबातही पाहिले आहेत. ज्याला चेंडू उपजत थांबवता येतो, त्याला तो कसा थांबवावा हे सांगता येत नाही. “अरे असा, असा,” म्हणून तो स्वतःच थांबवून दाखवतो आणि समोरचा मुलगा ओशाळून बघत राहतो. पायाला येते ते तोंडाला यायला मधे बरेच शिक्षण लागते.

१९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले, तेव्हा प्रशिक्षकांच्या जोडीत पी.के. होते. आशियाई स्पर्धांमधले फुटबॉलचे ते आपले अद्यापचे शेवटचे पदक आहे. आणि १९७२ साली, खेळाडू म्हणून ज्या क्लबाची जर्सी कधी अंगावर चढली नाही, त्या ईस्ट बंगालने त्यांना बोलावले.

पुढची चार वर्षे कोलकात्यात आजही पुराणकथेसारखी सांगितली जातात. पहिल्याच मोसमात कोलकाता लीग, आयएफए शील्ड आणि ड्युरंड या स्पर्धा, आणि संयुक्त का होईना पण रोव्हर्स. १९७३ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्याँगयाँग सिटी संघावर ३-१ असा विजय. १९७० पासून १९७५ पर्यंत सलग सहा वेळा लीग, त्यांतल्या शेवटच्या चार पी.के. यांच्या हाताखाली. आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-०. श्याम थापांनी दोन गोल केले, शिवाय एक पेनल्टी वाया घालवली, म्हणजे हा आकडा आणखी वाढू शकला असता. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाने अशा बातमीचे काय करायचे असते, याचे उत्तर कुठल्याच अभ्यासक्रमात मिळत नसावे.

या वर्षांतच ‘व्होकल टॉनिक’ हा शब्द रूढ झाला. सामन्याआधी आणि मध्यंतरात पी.के. जे बोलत, त्याला कोलकात्याने दिलेले हे नाव. आमच्या घरात टॉनिक म्हणजे परीक्षेच्या आधी महिनाभर घशाखाली उतरवायचे तपकिरी बाटलीतले काळपट औषध, ज्याने काही होते की नाही हे कोणालाच ठाऊक नसते पण देणाऱ्याला समाधान मिळते. पी.के. यांच्या टॉनिकबद्दलही असेच म्हणणारे होते: तोंडाची वाफ, दुसरे काय. मला ते पटत नाही. ज्यांनी ते ऐकले त्या खेळाडूंच्या आठवणींतून एक गोष्ट सारखी दिसते, की त्यांचे बोलणे प्रत्येकाला वेगळे असे. कोणाला आई आठवून दिली जाई, कोणाला आदल्या सामन्यातला अपमान, कोणाला फक्त खांद्यावर हात. ११ माणसांचे ११ स्वभाव ओळखून त्यांच्याशी ११ प्रकारे बोलायचे असेल तर आठवडाभर त्यांना नीट निरखावे लागते. बोलणे पाच मिनिटांचे, त्याची तयारी सहा दिवसांची. ही तयारी प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून त्याला ती वाफ वाटते.

आणि मग १९७६ साली पी.के. मोहन बागानला गेले. ज्यांना पाच गोलांनी लोळवले त्यांच्याच तंबूत. त्या वर्षीच्या लीग सामन्यात मोहम्मद अकबर यांनी सतराव्या सेकंदाला गोल केला, मोहन बागान १-० ने जिंकले आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची मालिका संपली. कोणी याला फितुरी म्हणेल. मला त्यात रेल्वेची सवय दिसते. बदली झाली की माणूस ट्रंक उचलतो आणि नव्या स्टेशनावर त्याच मनापासून काम करू लागतो. दोन्हीकडचे खेळाडू कधी त्यांच्या विरोधात, कधी त्यांच्या बाजूने खेळले. श्याम थापांनी तर दोन्ही तंबूंत त्यांच्यासाठी गोल केले. पी.के. दोन्हींपैकी एकाही क्लबाकडून खेळले नव्हते हे अशा वेळी कामी आले असणार. त्यांच्या अंगावर कोणताच जुना रंग चढलेला नव्हता.

१९७७ चा मोसम मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण तो हरण्यापासून सुरू झाला. लीग ईस्ट बंगालने परत घेतली आणि चाहते चिडलेले होते. अशात २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर आले. पावसाने मैदान चिखल झाले होते. लीग हरलेला मोहन बागान संघ त्या दिवशी २-२ अशी बरोबरी करून गेला. श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांनी गोल केले, गौतम सरकार सावलीसारखे पेलेंच्या मागे राहिले. बरोबरी करणारा कॉसमॉसचा दुसरा गोल तर पेनल्टीवरचा होता. त्यानंतर काही दिवसांतच त्याच मोहन बागानने शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला हरवले, पुढे रोव्हर्स आणि ड्युरंडही घेतले. पेलेंबरोबरचा सामना लोक अजून आठवतात तो पेलेंमुळे. माझ्या मते पी.के. यांनी त्या सामन्याचा उपयोग हरलेल्या संघाला उभे करण्यासाठी केला, आणि त्याचे फळ पुढच्या तीन चषकांत दिसते.

आता राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेल्या पी.के. यांच्याबद्दल. इथे मात्र त्यांची बाजू घेणे मला जमत नाही, किंवा जमले तरी ते प्रामाणिक होणार नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये घरच्या मैदानावर भारत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा हरला. १९८६ ला सोलमध्ये तर गटातूनच परत यावे लागले. टॉनिकला मर्यादा होती. १०-१५ किलोमीटरच्या अंतरावर राहणारा, लहानपणापासूनचा शत्रू समोर असतो तेव्हा शब्दांनी माणूस पेटतो. पण ज्या देशांनी पैसा ओतून बाहेरचे प्रशिक्षक आणले, वर्षभराची शिबिरे लावली, त्यांच्यापुढे ९० मिनिटे तग धरायला शब्द पुरत नाहीत. सौदी संघ त्या वर्षांत ब्राझीलच्या झागालोंकडे होता, जे स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वविजेते झालेले. आपल्याकडे त्याच काळात शिबिरात खेळाडू पाठवावा की क्लबाच्या सामन्याला ठेवून घ्यावा, यावरून ओढाताण चालली होती. मैदानावरचा माणूस कितीही चांगला बोलणारा असला, तरी त्याला खेळाडू वेळेवर मिळतील की नाही हे ठरवणारी खुर्ची वेगळ्याच इमारतीत असते.

त्या खुर्चीवर पी.के. कधी बसले नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पद त्यांच्याकडे आले नाही. पण प्रशासनाचे काम त्यांनी केले, आणि ते जिथे केले ती जागा त्यांच्या बालपणीची होती.

टाटा स्टीलने १९८७ साली जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी सुरू केली. भारतात त्या काळी अशी दुसरी संस्था नव्हती: किशोरवयीन मुले निवडायची, चार वर्षे वसतिगृहात ठेवायची, शाळा, जेवण, सराव सगळे एकाच छताखाली. १९९१ पासून १९९७ पर्यंत पी.के. तिथे तांत्रिक संचालक होते. पन्नाशी उलटलेला, कोलकात्यात लाखभर लोकांच्या आरोळ्या ऐकायची सवय असलेला माणूस सकाळच्या धुक्यात ३०-४० पोरांच्या रांगेसमोर उभा राहायला परत आपल्या गावी येतो. त्यांच्याबद्दल वाचलेल्या सगळ्यात मला हे पर्व सर्वांत जवळचे वाटते, आणि नेमके यावरच सर्वांत कमी लिहिलेले सापडते. साहजिक आहे. अकादमीत चषक नसतात. दहा वर्षांनी कुठल्यातरी दुसऱ्याच संघाच्या जर्सीत एक मुलगा चांगला खेळतो आणि समालोचक त्याच्या नव्या क्लबाचे नाव घेतो.

अशा कामाचे स्वरूप मला, अगदी चिमूटभर प्रमाणात, ठाऊक आहे. आमच्या क्लबातल्या १३ वर्षांखालच्या मुलांची नोंदणी करायची होती तेव्हा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर तीन वेगळ्या जन्मतारखा असलेला एक मुलगा निघाला. खोटेपणा कोणाचाच नव्हता; गावाकडे जन्म, आजोबांनी अंदाजाने सांगितलेली तारीख, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून. त्या एका मुलासाठी मी एका कार्यालयात सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला मुदत संपल्याचे कळले. मुलगा त्या वर्षी राखीव खेळाडूंच्या बाकावरही बसू शकला नाही, प्रत्येक सामन्याला मात्र पाण्याच्या बाटल्या भरायला यायचा. खेळत असताना मी ज्यांना ‘कागदाचे किडे’ म्हणायचो, त्यांच्यात आपली गणना होऊ लागली आहे हे मला तेव्हा समजले, आणि कागदाचा किडा चांगला असला तर एखादा मुलगा वर्षभर खेळू शकतो हेही.

जमशेदपूरच्या त्या अकादमीतून कार्लटन चॅपमन आले, रेनेडी सिंग आले, दीपक मंडल आले. गोव्याचे महेश गवळीही तिथलेच. शांत डोक्याचा बचावपटू म्हणून त्यांनी देशाकडून वर्षानुवर्षे खेळ केला आणि आता ते स्वतः राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात काम करताना दिसतात. कल्याण चौबे नावाचा एक गोलरक्षकही तिथूनच पुढे मोहन बागानला गेला. हे नाव लक्षात असू द्यावे.

१९९७ साली पी.के. ईस्ट बंगालच्या बाकावर परतले होते. १३ जुलै रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात समोर मोहन बागान, त्यांचे प्रशिक्षक अमल दत्त. दत्तही जुने खेळाडू, डावपेचांचे अभ्यासक, आणि त्या मोसमात त्यांच्या ‘डायमंड’ रचनेने सगळ्यांना चकित केले होते. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची थट्टा केली, बायचुंग भुतियांच्याही. १,३१,७८१ लोक सामन्याला आले. पी.के. यांना त्या दिवशी फारसे टॉनिक तयार करावेच लागले नसेल. प्रतिस्पर्ध्याने ते आयते पाठवले होते. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले, भुतियांनी तीन गोल केले. फळ्यावरची रचना श्रेष्ठ की माणसाच्या मनाची पकड, हा वाद त्या दिवसाच्या आधाराने अजून चालतो. माझे मत विचाराल तर दत्तांची रचना काळाच्या पुढे होती आणि ते तोंड आवरते तर कदाचित जिंकलेही असते.

पश्चिम किनाऱ्यावर हे रूपांतर जरा वेगळ्या रीतीने होताना दिसते. गोव्याचे डेरिक परेरा भारताकडून बचाव सांभाळून झाल्यावर मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक झाले, २००५-०६ साली त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकून दिली, पुढे पुणे एफसीला आले आणि नंतर एफसी गोवाचे तांत्रिक संचालक म्हणून मुलांच्या संघांची घडी बसवू लागले. सावियो मदेरा भारताचे खेळाडू, मग २०११ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, विजेतेपदाच्या वेळी भारताचे प्रशिक्षक, आणि त्यानंतर महासंघात प्रशिक्षकांच्या शिक्षणाचे काम पाहणारे अधिकारी. या दोघांबद्दल दंतकथा नाहीत. बोलण्याच्या जोरापेक्षा शिस्तीच्या जोरावर उभे राहिलेले हे लोक आहेत, आणि मला वाटते की पी.के. यांच्या पिढीने अंगच्या हुन्नरावर जे केले ते आता परवाने, अभ्यासक्रम आणि करार यांच्या चौकटीत करायचे दिवस आहेत. त्यात काही हरवते, पण मुलांच्या जन्मतारखा नीट लागतात.

आता त्या खुर्चीकडे. महासंघाची स्थापना १९३७ ची. तेव्हापासून ८५ वर्षांत त्याच्या अध्यक्षपदी एकही माजी नामांकित खेळाडू बसला नव्हता. १९८८ पासून दोन दशके प्रियरंजन दासमुन्शी होते, त्यांच्यानंतर आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. मुदत संपूनही निवडणूक न झाल्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे सोपवला. ऑगस्टमध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केले. त्यामुळे ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत व्हायची १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धाच धोक्यात आली. २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी निवडणूक झाली.

उमेदवार दोन. एक, १३ जुलै १९९७ रोजी पी.के. यांच्या संघाकडून तीन गोल करणारे बायचुंग भुतिया. दुसरे, पी.के. संचालक असताना टाटा अकादमीत घडलेले गोलरक्षक, आणि एव्हाना राजकारणातही शिरलेले, कल्याण चौबे. मते पडली ३३ आणि १. चौबे अध्यक्ष झाले. देशाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू एका मतावर थांबला, याचा पुष्कळांना धक्का बसला. मला बसला नाही, कारण मतदार राज्य संघटनांचे प्रतिनिधी होते आणि राज्य संघटना गोलांवर चालत नाहीत, हे एवढ्याशा क्लबाचा चिटणीसही सांगू शकतो. खेळाडू खुर्चीत आला म्हणून खेळ सुधारतोच असेही नाही. त्यानंतरची वर्षे भारतीय फुटबॉलला सुखाची गेली असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्ही उमेदवार एकाच माणसाच्या हाताखालून गेलेले असावेत, एक त्याच्या बाकासमोरून आणि एक त्याच्या वसतिगृहातून, हे मला त्या दिवशीच्या बातम्यांत कुठे वाचायला मिळाले नाही.

पी.के. तोवर गेले होते. २० मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागायच्या अवघे चार-पाच दिवस आधी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात त्यांचे जकार्तातले जोडीदार चुनी गोस्वामी गेले, २०२३ साली दुसरे जोडीदार तुळशीदास बलराम. जकार्ताची ती आघाडीची फळी अशी संपली. महासंघाने पी.के. यांचा जन्मदिवस, २३ जून, तळागाळातल्या फुटबॉलचा दिवस म्हणून ठरवला. ५-० च्या दिवसाशी किंवा पेलेंशी त्यांचे नाव जोडण्याऐवजी ते मुलांशी जोडले गेले, हे मला बरे वाटते.

मुंबईत २३ जून म्हणजे भर पाऊस. गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्याकडे १२ मुले आली. चुना मारण्यात अर्थ नव्हता, तरी मी डबा घेऊन मधली रेषा मारली. ती माझ्यामागोमाग पुसली जात होती. मग मुलांना पत्र्याच्या शेडखाली गोल बसवून मी जकार्ताची गोष्ट सांगितली, रहीमसाहेबांचे आजारपण, जर्नेलसिंगांचे टाके, ओरडणारे स्टेडियम. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचे, याची मी मनातल्या मनात आदल्या रात्री उजळणीही केली होती. गोष्ट संपली तेव्हा एका मुलाने हात वर केला. मला वाटले, तो राइट आउट म्हणजे काय ते विचारील. “सर,” तो म्हणाला, “सातला क्लास आहे. खेळायला घेताय ना?”

मी शिट्टी वाजवली.